स्वीकार म्हणजे शरणागती नव्हे

‘स्वीकार’ हा शब्द आपल्या समाजाला सहजासहजी मानवत नाही, आणि ते स्वाभाविकच आहे. हजारो वर्षे आपल्याला हेच शिकविले गेले, की जे वाट्याला आले ते मुकाट्याने स्वीकारा. गावकुसाबाहेरचे घर स्वीकारा, वरून ओंजळीत ओतलेले पाणी स्वीकारा, आणि हे सारे मागल्या जन्मीच्या पापाचे फळ आहे हेही स्वीकारा. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर परमपूज्य बाबासाहेबांनी जे केले, तो या स्वीकाराला दिलेला नकार होता. आपण त्या नकाराची लेकरे आहोत.

म्हणूनच मनाच्या आजाराने खचलेल्या माणसाला कोणी सांगू लागले, की ‘तू स्वतःला आहेस तसा स्वीकार, म्हणजे सुखी होशील’, तर आपल्या कार्यकर्त्याच्या कपाळाला आठी पडते. ही पुन्हा जुनीच शिकवण नव्या भाषेत आली काय, असा संशय त्याला येतो. हा संशय टाकाऊ नाही. त्याचे उत्तर धम्माच्या आधाराने द्यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम आजाराविषयी. पाऊस लांबला, परीक्षेत गुण कमी पडले, घरात मयत झाली, म्हणून होणारे दुःख म्हणजे नैराश्याचा आजार नव्हे. दोन आठवडे वा त्याहून अधिक काळ, जवळजवळ रोज, मन खचलेले असणे, ज्या गोष्टीची गोडी होती तिची गोडी आटणे, झोप उडणे, किंवा अंथरुणातून उठवेनासे होणे, भूक मरणे, साधा निर्णयही न घेता येणे, आणि या सर्वांवर कडी म्हणजे आपण निकामी आहोत, घरादाराला ओझे आहोत, असे सतत वाटत राहणे, या अवस्थेला डॉक्टर नैराश्य म्हणतात. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत सुमारे २० प्रौढांमागे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा हा आजार झालेला आढळला. हा हिशेब धरला तर दोनशे मोठी माणसे राहतात त्या वस्तीत असे दहाजण सापडतील. आपल्या वस्तीतले हे दहाजण कोण, हे मात्र आपणापैकी कोणाला सांगता येणार नाही. कारण आपल्याकडे या दुखण्याला नावच नाही. ‘करमत नाही’, ‘डोस्कं धरलंय’, ‘टेन्शन घेतलंय’ एवढ्यावर ते मिटते.

मी हे केवळ वाचून लिहीत नाही. गेली सहा वर्षे मी या आजारासह जगते आहे. त्याच्या पहिल्या वर्षी वर्गात खडू हातात घेऊन मी फळ्याकडे तोंड करून उभी राहत असे, कारण मुलांकडे वळले तर चेहरा दिसला असता. तेव्हा मला तीन प्रकारचा उपदेश मिळाला, आणि आपल्या समाजातील बहुतेक रुग्णांना हाच उपदेश मिळतो, असे माझे निरीक्षण आहे.

पहिला उपदेश घरचा. आई म्हणाली, “काय कमी हाय गं तुला? नोकरी हाय, पक्कं घर हाय, नवरा दारू पीत न्हाई.” आई खोटे बोलत नव्हती. उसाच्या फडात कोयता चालवून तिने मला शिकविले. तिच्या मापाने माझ्याजवळ सर्व काही होते. आणि नेमके तेच मला छळत होते. घरातला पहिला पदवीधर स्वतःपुरती पदवी घेत नाही. आईचे हात, बापाचे कर्ज, धाकट्यांची शाळा, वस्तीची अपेक्षा हे सारे त्या कागदावर लिहिलेले असते. अशा माणसाला दुःखी होण्याचा हक्क आहे, असे त्याला स्वतःलाच वाटत नाही.

दुसरा उपदेश चळवळीचा. ‘रडत काय बसता, कामाला लागा. बाबासाहेबांनी कधी हात टेकले काय?’ तिसरा उपदेश दबक्या आवाजात, मागल्या दाराने येतो. ‘बाहेरचं काही झालंय का बघा.’ मग अंगारा, लिंबू, देवऋषी. ज्या घराच्या भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे, त्या घरातून रुग्णाला देवऋषीकडे नेले जाते. २२ प्रतिज्ञा त्या घराला पाठ नसतात असे नव्हे. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, तोही ऐकून माहीत असतो. परंतु मनाच्या दुखण्याविषयी विहारात कोणी एक शब्द बोलत नसेल, तर माणसे जिथे कोणी बोलतो तिथे जातात. धर्मांतराचा हा एक अपुरा राहिलेला भाग आहे, असे मला वाटते.

आता धम्म काय सांगतो ते पाहू. संयुत्त निकायात सीवक नावाच्या परिव्राजकाची कथा आहे. त्याने तथागतांना विचारले, की माणसाला होणारी प्रत्येक सुखदुःखाची वेदना पूर्वी केलेल्या कर्मामुळेच होते असे काही श्रमणब्राह्मण म्हणतात. आपले मत काय? तथागतांनी ते मत मान्य केले नाही. काही वेदना पित्ताने होतात, काही कफाने, काही वाताने, काही ऋतू पालटल्याने, काही शरीराची हेळसांड झाल्याने, काही दुसऱ्याने केलेल्या आघाताने, असे त्यांनी सांगितले. सगळ्याचे खापर पूर्वकर्मावर फोडणारे लोक, जे डोळ्यांना दिसते आणि जगाला ठाऊक आहे त्याच्यापलीकडे धाव घेतात, हा त्यांच्या उत्तराचा आशय. त्या काळच्या वैद्यकाची भाषा बाजूला ठेवली, तरी दृष्टी स्पष्ट आहे. दुखण्याला कारण असते, आणि ते कारण या जगात शोधायचे असते. बाबासाहेबांनीही ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मागील जन्मीच्या कर्माचा सिद्धान्त बुद्धाच्या माथी मारण्यास विरोध केला, तो याच कारणास्तव. जो सिद्धान्त गरिबाला त्याच्या गरिबीबद्दल दोषी ठरवितो, तोच रुग्णाला त्याच्या रोगाबद्दल दोषी ठरवितो.

त्याच निकायात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. अज्ञानी माणसाला एक बाण लागतो, आणि लगेच दुसरा लागतो. पहिला बाण म्हणजे प्रत्यक्ष वेदना. दुसरा म्हणजे त्या वेदनेवर त्याने केलेला आक्रोश, चडफड आणि शोक. शहाण्यालाही पहिला बाण चुकत नाही. दुसरा मात्र तो स्वतःला लागू देत नाही. नैराश्यात हा दुसरा बाण कोणता? ‘आईने कोयता चालविला आणि मी खाटेवरून उठत नाही, म्हणजे मी कृतघ्न आहे, आळशी आहे, कोणाच्या कामाची नाही.’ आजार एवढ्यावर थांबत नाही. हा निकाल तो दिवसातून शंभर वेळा वाचून दाखवितो.

येथे आपल्या समाजातील रुग्णाने विशेष सावध राहिले पाहिजे. ‘तू निकामी आहेस, तू ओझे आहेस, तुझी जागा खाली आहे’ हे वाक्य आपण प्रथमच ऐकतो आहोत काय? हेच वाक्य जातीने आपल्या आज्या-पणज्यांना ऐकविले. नैराश्य आणि जातिव्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परंतु माणसाविषयीचा त्यांचा निकाल एकच आहे. फरक इतकाच, की जातीचा आवाज बाहेरून येत होता आणि आजाराचा आवाज आपल्याच डोक्यातून, आपल्याच बोलीत येतो. म्हणून तो खरा वाटतो.

माझ्या मते स्वीकाराच्या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते. पहिल्या बाणाचा स्वीकार करावयाचा, दुसऱ्याला नकार द्यावयाचा. ‘मला आजार आहे’ हे यथाभूत, म्हणजे जसे आहे तसे, पाहणे हा स्वीकार होय. ताप आहे हे मान्य केल्याशिवाय औषध घेता येत नाही. ‘आजार आहे म्हणून मी हीन आहे’ याला मात्र १९५६ च्याच निर्धाराने नकार द्यावयाचा. दीक्षाभूमीवर आपण सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा घेतली. या ‘सर्व माणसांत’ आपण स्वतःही मोडतो. जो उपासक दुसऱ्याला कमी लेखत नाही, पण आरशातल्या माणसाला रोज शिव्या देतो, त्याने ती प्रतिज्ञा अर्धीच पाळली.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. आपल्या मुलांचे दुःख हे अन्यायाचे दुःख आहे. त्याला आजाराचे नाव दिले, की अन्याय करणारा सुटतो आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या हातावर गोळी ठेवली जाते. हैदराबाद केंद्रीय विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी आपल्यातून गेला, तेव्हा व्यक्तिगत वैफल्याचे कारण पुढे करण्यात आलेच. आणि चळवळीने संस्थेला जाब विचारला, तो योग्यच होता. जातीचा अपमान गोळीने बरा होत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. परंतु याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मोर्चाला जाऊन आल्याने उडालेली झोप परत येत नाही. विहिरीत कोणी ढकलले याचा जाब विचारलाच पाहिजे. पण तोवर आत पडलेल्याला दोर टाकायचा नाही, असा नियम कोणी केला? दोन्ही कामे एकदम करता येतात, आणि करावीच लागतात.

आता ‘बाबासाहेबांनी कधी हात टेकले काय’ या प्रश्नाकडे वळू. हा प्रश्न विचारणाऱ्यांनी बाबासाहेबांचे चरित्र नीट वाचलेले नसते. १९१७ साली बडोद्यात राहण्याची जागा गेली, तेव्हा हा विलायतेत शिकून आलेला विद्वान झाडाखाली बसून रडला. १९२६ साली लाडका राजरत्न गेला. पाचांपैकी चार अपत्ये अशी मातीआड झाली. या धक्क्यातून आम्ही उभयता सावरलो आहोत असे दाखविण्यात अर्थ नाही, अशा आशयाचे पत्र त्यांनी त्या वर्षी आपले स्नेही दत्तोबा पवार यांना लिहिले. २७ मे १९३५ रोजी माता रमाई गेल्या, तेव्हा ते दिवसेंदिवस शोकात बुडाले होते. ज्या पुरुषाने राज्यघटनेचा मसुदा घडविला, त्याला आपले दुःख लपवून ठेवण्यात पुरुषार्थ वाटला नाही.

परंतु येथे एक पथ्य पाळले पाहिजे. रमाई गेल्यानंतर पाच महिन्यांच्या आत, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. मग तुला उठायला काय होते, असा चाबूक या चरित्राचा करू नये. शोक वेगळा आणि आजार वेगळा. शोक काळाने ओसरतो. आजाराला बहुधा उपचार लागतो. बाबासाहेबांच्या अश्रूंतून आपण घ्यावयाचे ते एवढेच, की रडणे हा चळवळीशी द्रोह नाही.

‘अत्त दीप भव’ या वचनाचाही असाच विपर्यास होतो. स्वतःच स्वतःचा दीप व्हा, म्हणजे कोणाकडे मदत मागू नका, असा अर्थ काढला जातो. वस्तुतः तथागतांनी हा उपदेश परनिर्भर श्रद्धेविरुद्ध केला, औषधाविरुद्ध नव्हे. त्यांच्या संघाला जीवक नावाचा वैद्य होता. भिक्षूच्या मोजक्या गरजांत चीवर, अन्न आणि निवासाबरोबर औषध मोजले जाई. दिव्यालाही तेल घालावे लागते.

बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या शेवटच्या खंडात तथागतांच्या रुग्णसेवेचा एक प्रसंग दिला आहे. एक भिक्षू अतिसाराने आपल्याच घाणीत पडून होता. तुझी काळजी कोणी का घेत नाही, असे तथागतांनी विचारले. तो म्हणाला, मी भिक्षूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझी काळजी घेत नाहीत. हे उत्तर पुन्हा वाचावे. नैराश्याच्या रुग्णाच्या मनात अहोरात्र चाललेला हिशेब हाच आहे: मी कोणाच्या उपयोगी नाही, तेव्हा माझी काळजी कोणी का घ्यावी? तथागतांनी तो हिशेब धुडकावून लावला. त्यांनी आनंदाकडून पाणी आणविले, दोघांनी मिळून त्या भिक्षूला धुतले, उचलून खाटेवर निजविले. मग भिक्षूंना जमवून सांगितले, की तुम्हाला येथे आई नाही, बाप नाही. तुम्ही एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? माणसाची किंमत त्याच्या उपयोगावर ठरत नाही, याहून मोठा आधार रुग्णाला कोणता हवा?

राहिला सुखाचा प्रश्न. समाज दुःखात असताना आपण सुखी होणे हा स्वार्थ नव्हे काय? अनेक प्रामाणिक कार्यकर्त्यांना हा प्रश्न पोखरतो. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच विचारले आहे, की जन्म, जरा, मरण असे सर्वच दुःख मानले तर बुद्धाचा धम्म निराशेचा धम्म ठरणार नाही काय? आणि त्याच ग्रंथात बुद्धाला सौंदर्याची आवड होती, दारिद्र्य त्याला नापसंत होते, हे सांगण्यासाठी त्यांनी वेगळी प्रकरणे घातली. उतारवयात ते स्वतः व्हायोलिन शिकले. देशाची आणि समाजाची एवढी कामे डोक्यावर असताना त्यांनी वेळ वाया घालविला काय? सुख हे संघर्ष संपल्यावर मिळणारे बक्षीस नव्हे. संघर्ष करणाऱ्याची ती रोजची भाकरी आहे.

सोण नावाचा भिक्षू चालण्याची साधना करताना पायांतून रक्त येईपर्यंत चालत राहिला, आणि शेवटी खचला. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला विचारले, तारा फार ताणल्या तर वीणा वाजते काय? आणि फार सैल सोडल्या तर? आपल्या पिढीच्या तारा फार ताणलेल्या आहेत. आजारात तर मोठ्या संकल्पाने काहीच होत नाही. लहान गोष्टी मात्र होतात. माझ्या बाबतीत डॉक्टरांची गोळी तीन-चार आठवड्यांनी लागू पडू लागली. त्या काळात मी रोज तीनच कामे ठरवीत असे: आंघोळ, उन्हात थोडे चालणे, आणि एका माणसाशी दोन वाक्ये बोलणे. मन लागले म्हणून हे करायचे नसते. केल्याने कधीतरी मन लागते. आजही माझे सगळेच दिवस चांगले नसतात. पण वाईट दिवस आला की तो आजाराचा दिवस आहे, माझ्या लायकीचा दाखला नव्हे, एवढे मला ओळखता येते. या ओळखीलाच मी आत्मस्वीकार म्हणते. यात सुख आहे, आणि ते कष्टाने बांधलेले आहे.

विहारांना माझी काही नम्र सूचना आहे. वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत आपण बाबासाहेबांच्या ग्रंथाचे वाचन करतो. त्यातील रुग्णसेवेचे प्रकरण ज्या दिवशी वाचले जाईल, तो दिवस मनाच्या आजारासाठी ठेवावा. ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांना किंवा वस्तीतल्या आशाताईंना बोलवावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शासकीय सेवेतून उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे, हे लोकांना सांगावे. जिल्ह्याच्या रुग्णालयात मानसिक आरोग्याची सेवा असते. परंतु भूमसारख्या ठिकाणाहून धाराशिवला जाऊन यायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. ती मजुरी आणि एस.टी.चे भाडे विहाराच्या दानपेटीतून दिले तर ते दान सत्कारणी लागेल. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही शासनाची मोफत दूरध्वनी सेवा सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ विहाराच्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहावा. रात्री-अपरात्रीही तेथे माणूस बोलतो. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलून दाखविले, तर ते थट्टेवारी नेऊ नये, त्याला एकटे सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. ध्यान चांगले आहे, परंतु ते औषधाच्या जागी देऊ नये. आणि दारूला दुःखाचे औषध समजू नये. पाचवे शील मनाच्या रुग्णासाठी तर पथ्यच आहे.

एवढे सर्व करूनही काहींचा आजार पुरता जाणार नाही. मधुमेहासारखा तो सोबत राहील. त्या बांधवांना आणि भगिनींना माझे सांगणे इतकेच, की आपल्या पूर्वजांनी ज्या शब्दांपुढे मान तुकवायचे नाकारले, तेच शब्द आजाराच्या तोंडून आले म्हणून खरे ठरत नाहीत. आजार मान्य करा, उपचार घ्या, हात पुढे करून मदत मागा. आणि जो दुसरा कोणी असा हात पुढे करील, त्याला तू कोणत्या उपयोगाचा, असे विचारू नका. जय भीम.